सूर्यास्त, सकाळी साडेसातचा

लायल ड्रेशरचं घड्याळ चुकलंय असं पिकरेल लॉक गावात कुणी म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्यानं आधी आपलंच घड्याळ कानाला लावून पाहिलं असतं. एकतीस वर्षं हा माणूस जिल्ह्यातल्या शाळांच्या बसगाड्यांची वेळापत्रकं करत होता. सत्तेचाळीस गाड्या, सहाशे बारा थांबे, आणि प्रत्येक थांब्याची वेळ तोंडपाठ. सकाळी साडेसहाला तो कचेरीत हजर असे आणि शेवटची गाडी सव्वाआठला शाळेच्या दारात लागल्याखेरीज खुर्चीवरून हलत नसे. त्याच्या लग्नाला पाद्री चार मिनिटं उशिरा आला होता, ते लायल अजून विसरलेला नाही. पाद्री वारला, तरी नाही.

तर अशा माणसाच्या हातून, अख्ख्या गावासमोर, वेळेचाच घोटाळा व्हावा याला काय म्हणायचं? गावानं बरंच काही म्हटलं. ते ओघानं येईलच.

लायलला नाद एकच होता, हॅलोवीनच्या दिव्यांचा. म्हणजे दारात दोन भोपळे कोरून मेणबत्ती लावली, तसला नाही. कॉम्प्युटरवर चालणारे दिवे. संगीताच्या ठेक्यावर भोपळे तोंड उघडणार, घुबडं डोळे मिचकावणार, वटवाघळं एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ‘उडणार’, आणि हे सगळं सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंत मोजून. तीन मिनिटांच्या एका गाण्याला तो दोन महिने घेई. नऊ वर्षं हे घरच्या अंगणात चाललं. मग बघायला येणाऱ्या मोटारींनी गल्ली अशी तुंबू लागली, की समोरच्या बाईंना स्वतःच्या घरी जायला रांगेत उभं राहावं लागलं. त्या बाई गावच्या पंचायतीवर होत्या. पंचायतीनं ठराव केला, की मिस्टर ड्रेशर यांची कला एका घरापुरती ठेवणं गावावर अन्याय आहे, तरी ती त्यांनी कालव्याच्या बागेत न्यावी. लायलला हा सन्मान वाटला. बायकोला, नॅडीनला, तो काय होता ते कळलं.

कालव्याची बाग हे गावचं एकमेव प्रेक्षणीय स्थळ. दीडशे वर्षांपूर्वीचा कालवा, नावा वर-खाली करायचा त्याचा दगडी लॉक, म्हणजे दारं लावलेला हौद, लॉकवाल्याचं जुनं घर, काठानं नावा ओढत खेचरं चालायची ती पायवाट. उन्हाळ्यात नावेला खेचर जुंपून लोकांना फिरवतात. सप्टेंबर संपला की खेचर कुरणात जातं आणि लोक शेजारच्या गावात, मक्याच्या शेतात वाटा कापून केलेल्या भूलभुलैयात. ते पंचायतीच्या डोळ्यांत खुपत होतं.

आता पंचायत म्हटली की अर्ज आले. अर्ज घेणाऱ्या बाई म्हणजे मिसेस ऑल्टहाउस. बावीस वर्षं गावच्या कारकून. बाईंचा नियमांवर जीव होता, माणसांवर राग नव्हता एवढंच. पहिल्याच दिवशी त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मिस्टर ड्रेशर, झाडाला भूत टांगण्याबद्दल यात काही नाही.”

“मग परवानगी लागणार नाही का?”

“उलट. यात नसलेली गोष्ट करता येत नाही. यात ‘फलक’ आहे. तुमच्या भुतांवर काही लिहिलंय का?”

“नाही.”

“मग कोरे फलक,” बाई म्हणाल्या, आणि चौतीस भुतं, अकरा वटवाघळं व सहा घुबडं ‘कोरे तात्पुरते फलक, एकूण एक्कावन्न’ म्हणून मंजूर झाली.

आवाजाचं मात्र जमलं नाही. बागेत कर्णा लावायची मुभा फक्त नावेच्या फेरीला आणि स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीला. शेवटी असं ठरलं, की संगीत छोट्या रेडिओ-यंत्रावरून सोडायचं, बघणाऱ्यांनी आपल्या मोटारीत नाहीतर खिशातल्या रेडिओवर ऐकायचं. बाग आपली मुकी राहील. अर्जाच्या शेवटी रकाना होता: ‘अपेक्षित प्रेक्षक’. लायलनं ठसठशीत आकड्यात दोन हजार लिहिलं.

“गावात माणसं नऊशे आहेत,” मिसेस ऑल्टहाउस म्हणाल्या.

“बाहेरून येतील.”

बाईंनी शिक्का मारला. आणि एक अट घातली, तिनं पुढं सगळा घात केला. कॉम्प्युटर ठेवायचा होता लॉकवाल्याच्या घरात. ते घर ऐतिहासिक वास्तू, म्हणून रोज दुपारी चारला कुलूप. किल्ली हवी तर आदल्या दिवशी लेखी अर्ज, आणि मिळणार ती फक्त बारा ते एक. म्हणजे लायलच्या जेवणाच्या सुट्टीत.

“आणि संध्याकाळी, कार्यक्रम चालू असताना?”

“तुमचं यंत्र आपोआप चालतं ना?” बाईंनी विचारलं.

लायलनं मान डोलावली. आपोआप हाच तर त्याचा अभिमान.

आता सासरेबुवांकडे वळू, कारण खरं दुखणं तिथं होतं. एमेट क्लिंगर, वय शहाऐंशी. निवृत्त वायरमन. गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातची वायर होती, कालव्याच्या बागेतले दिव्याचे खांबही त्यांनीच उभे केलेले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी लायल त्यांना ‘मिस्टर क्लिंगर’ म्हणे आणि ते त्याला ‘ड्रेशर’, जणू दोघं अजून एकमेकांची चौकशी करून घेत होते. म्हाताऱ्याकडे कौतुकाला एकच शब्द होता, ‘ठीक’. नॅडीनच्या आठवणीत तो त्यांनी दोनदा वापरला: एकदा धरणावरच्या वीजघराबद्दल, आणि एकदा तिच्या आईच्या हातच्या सफरचंद-पाय या गोड पदार्थाबद्दल, तोही आई गेल्यावर. लायलच्या कुठल्याही कामावर ते फक्त ‘हं’ म्हणत. लायलनं गॅरेज बांधलं, हं. लायलला पंचवीस वर्षांच्या नोकरीचं मानपत्र मिळालं, हं. बसगाड्यांचं वेळापत्रक म्हणजे बायकांनी फ्रिजवर चिकटवायचा कागद, आणि कॉम्प्युटरवरचे दिवे म्हणजे खेळणी, असं त्यांचं मत, आणि ते न बोलता सांगायची त्यांची हातोटी जबरदस्त.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदा दिवे त्यांच्या खांबांमधून जाणार होते. लायलनं मनाशी पक्कं केलं होतं, की मिस्टर क्लिंगरना ते दिवे दाखवायचे आणि तो एक शब्द ऐकायचा. दोन हजार लोक आले नाहीत तरी चालतील. अर्थात हे त्यानं अर्जात लिहिलं नव्हतं.

“येणार ना?” त्यानं एका रविवारी विचारलं.

“किती वाजता?”

“सूर्यास्ताला. साडेसहाच्या सुमारास.”

“मी संध्याकाळचा बाहेर पडत नाही,” म्हातारा म्हणाला. “मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे डोळ्यांत घुसतात. आणि साताला मी झोपतो. तुला सव्वीस वर्षं माहीत आहे.”

“मी हात धरून आणीन, बाबा,” नॅडीन म्हणाली.

“हं.”

कामाला सुरुवात झाली आणि सल्ल्यांनाही. शेजारचा कर्ट ब्लेसिंग यात आघाडीवर. कर्टच्या अंगणात बारा फुटी हाडांचा सापळा बारा महिने उभा असतो. नाताळात त्याला टोपी, ईस्टरला सशाचे कान, निवडणुकीत दोन्ही पक्षांचे झेंडे. एवढ्या भांडवलावर कर्ट स्वतःला या धंद्यातला जाणकार समजे.

“खारी,” तो शिडीखाली उभा राहून म्हणाला. “खारी तुझ्या वायरी खाणार. आजकाल वायरीच्या वेष्टनात सोयाबीन घालतात. खारीला ते जेवणच. तिखटाचा सॉस चोपड.”

लायलनं दोन शनिवार खपून एक मैल वायरीला तिखटाचा सॉस चोपडला. खारींनी वायरी खाल्ल्या नाहीत हे खरं. पण लायलनं त्याच हातानं डोळा चोळला आणि तीन दिवस कचेरीत तो असा बसला, की एका ड्रायव्हरनं घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून हळूच विचारलं. बागेतल्या बदकांनीही सॉस चाखला. त्यांना तो आवडला.

सगळं झाल्यावर उरली वेळ. कार्यक्रम साडेसहाला लाव, असं कुणीही सांगितलं असतं. पण घड्याळ काय, कुणीही लावतं. ऑक्टोबरात सूर्य रोज दीड मिनिट आधी मावळतो, आणि दिवे अंधार पडायच्या नेमक्या क्षणी लागावेत, ही लायलची कारागिरी. यंत्राला गावाचे अक्षांश-रेखांश सांगितले, की ते स्वतःच सूर्यास्त काढतं आणि तिथून दोन तास कार्यक्रम चालवतं. लॉकवाल्याच्या घरावर पितळी पाटी होतीच. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, एका हातात सँडविच धरून, लायलनं पाटीवरचे आकडे यंत्रात भरले. चाळीस अंश आणि काही, ब्याऐंशी अंश आणि काही. मग बटण दाबून सगळं एकदा हातानं चालवून पाहिलं. भोपळे गायले, घुबडांनी डोळे मिचकावले. एकला पाच मिनिटं असताना त्यानं किल्ली परत केली.

गुरुवारी संध्याकाळी पंचायतीसाठी रंगीत तालीम होती. खरा कार्यक्रम पुढच्या गुरुवारी, भिकाऱ्यांच्या रात्री. मुलं घरोघर गोळ्या मागत हिंडतात त्या संध्याकाळीला जुनी माणसं असंच म्हणतात, आणि ती एकतीस तारखेलाच यावी असं काही नसतं. ती पंचायत ठरवते. यंदा एकतीसला शुक्रवार आला, शुक्रवारी शाळेचा फुटबॉलचा सामना, आणि फुटबॉलपुढे भुतांनी एक दिवस मागे सरकायचं यावर पंचायतीत दुमत नव्हतं.

तर रंगीत तालीम. सात पंच, त्यांची कुटुंबं, मिसेस ऑल्टहाउस, कर्ट, गरम सफरचंदाचा रस, डोनट. लायलनं नवा कोट घातला होता. सहा पस्तीसला तो मनगटाकडे बघत म्हणाला, “आता.”

काही झालं नाही.

“आत्ता,” तो पुन्हा म्हणाला. सूर्य मावळला. अंधार पडला, खऱ्या अर्थानं पडला. एक बदक ओरडलं. लोकांनी पहिल्यांदा कौतुकानं वाट पाहिली, मग नुसती पाहिली, मग डोनट संपले.

“बंद करून परत चालू कर,” कर्ट म्हणाला.

“यंत्र आत आहे.”

“मग आत जा.”

सगळ्यांनी मिसेस ऑल्टहाउसकडे बघितलं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी पर्स दोन्ही हातांनी धरली. “आज बारा ते एक किल्ली कुणी मागितली नव्हती,” त्या म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आवाजात दुःख होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लायलनं किल्ली घेतली, बटण दाबलं, सगळं झकास चाललं. संध्याकाळी तो एकटाच जाऊन उभा राहिला. ढिम्म. शनिवारी दुपारी झकास, संध्याकाळी ढिम्म. आता दुपारी चालणारं आणि संध्याकाळी न चालणारं यंत्र म्हटलं, की माणूस काय समजणार? लायल समजला, संध्याकाळचा दमटपणा. त्यानं प्रत्येक जोडावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. कर्ट म्हणाला, खारी संध्याकाळीच बाहेर पडतात. सॉसचा दुसरा हात झाला. वाण्याच्या दुकानात एकानं सांगितलं, की जुन्या लॉकमध्ये एक नावाडी बुडून मेला होता, त्याला हे आवडत नसणार. लायल हसला. पण त्या दिवशी बागेतून निघताना त्यानं पाण्याकडे बघून टोपी जरा उचलली, हे त्यानं घरी सांगितलं नाही.

आणि गाव बोलू लागलं. गाव वाईट नव्हतं. नुसतं समजूतदारपणे बोलत होतं, ते जास्त लागतं. “होतं असं कधीकधी,” असं त्याला दिवसातून दहा माणसं सांगत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा एका आईनं कचेरीत फोन करून विचारलं, बस वेळेवर येणार आहे ना, की आम्ही पोराला सोडू.

रविवारी दुपारी रिवाजाप्रमाणे मिस्टर क्लिंगर जेवायला आले. बटाट्याच्या लगद्यावर चिकन-नूडल्स वाढून झाल्या. मग म्हातारा काटा खाली ठेवून म्हणाला, “ड्रेशर, सातव्या झाडावरचं तुझं वटवाघूळ मागं पडतंय.”

लायलचा घास तोंडातच राहिला. “काय?”

“बाकीची पुढं निघून जातात, ते मागून येतं. अर्धा सेकंद. आणि तिसऱ्या घुबडाच्या डाव्या डोळ्यातला लाल रंग गेलाय.”

लायलनं पानाकडे बघितलं. सलग तीन संध्याकाळी ज्या कार्यक्रमाचा एक दिवा लागला नव्हता, त्यातल्या चुका हा माणूस काढत होता. टोमणा मारायलाही काही सीमा असते. “मिस्टर क्लिंगर,” तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, “नूडल्स गार होतायत.”

“हं.”

स्वयंपाकघरात नॅडीननं त्याला गाठलं. तिचा चेहरा उतरला होता. “लायल, बाबा टोमणे मारत नाहीत. त्यांना ते दिसतंय.”

“काय दिसतंय? काही लागतच नाहीये.”

“तेच म्हणते मी.”

आता हे दुखणं वेगळंच निघालं. लायलचा राग पार उतरला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. आपण एका शब्दासाठी हटून बसलो, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात घुबडं शिरली. मंगळवारी नॅडीन वडिलांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं वार विचारला, महिना विचारला, आणि कागद देऊन म्हणाला, घड्याळाचं चित्र काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मिस्टर क्लिंगरनी घड्याळ काढलं, काटे काढले, मग ते विजेचं समजून मागची वायरिंग काढली, फ्यूज दाखवला, आणि दवाखान्याच्या दारावरची घंटा चुकीच्या जोडणीमुळे गुणगुणते, तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाला, “डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे.” मग नॅडीनला बाजूला घेऊन म्हणाला, “फक्त ते एक घुबडाचं तेवढं...”

त्याच संध्याकाळी कर्ट कुंपणावरून रडगाणं गात होता. त्याच्या मोटारीचा रेडिओ बिघडला होता. सकाळी कामाला जाताना, लॉकजवळच्या वळणावर आला रे आला, की मक्याचे भाव बंद आणि चर्चमधला ऑर्गन चालू. आणि मधूनच लांडगा. “दोनदा मेकॅनिककडे नेला. तो म्हणतो, माझ्याकडे काही वाजत नाही. माझ्याकडे बघायला लागला तो, लायल. वेगळ्या नजरेनं.”

“होतं असं कधीकधी,” लायल म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. एवढंच, की हे वाक्य दुसऱ्याला म्हणायला बरं वाटतं, हे त्याच्या ध्यानात आलं.

बुधवार उजाडला, भिकाऱ्यांच्या रात्रीला एक दिवस उरला. दुपारी बाराला लायलनं किल्ली घेतली, बटण दाबलं, आणि हताशपणे खिडकीतून झाडांकडे बघत बसला. दहा वटवाघळं पहिल्या झाडावरून निघाली, सातव्यावरून पुढं गेली. अकरावं अर्ध्या सेकंदानं मागून आलं.

लायल उठून उभा राहिला. तिसऱ्या घुबडाचा डावा डोळा बघितला. त्यात लाल नव्हता.

इतके दिवस दुपारी बटण दाबूनही हे त्याच्या नजरेत आलं नव्हतं, कारण तो दिवे लागतात की नाही एवढंच बघत होता. आणि घरात बसून हे कुणाला दिसणं शक्य नव्हतं. त्यानं नॅडीनला फोन लावला. “तुझे बाबा सकाळी काय करतात?”

“सकाळी? फिरायला जातात. कालव्याच्या वाटेनं. सात ते आठ. कानातलं यंत्रसुद्धा घरी ठेवून जातात, सकाळी ऐकण्यासारखं कुणी बोलत नाही म्हणतात. का?”

लायलनं फोन ठेवला आणि जे आठ दिवसांपूर्वी करायला हवं होतं ते केलं: यंत्राची नोंदवही उघडली. रोजची नोंद स्वच्छ होती. कार्यक्रम सुरू, सकाळी सात वाजून तीस मिनिटं. सकाळी सात एकोणतीस. सकाळी सात सत्तावीस. यंत्र दीड-दीड मिनिट कमी करत, कमालीच्या शिस्तीनं, रोज सकाळी सूर्यास्त साजरा करत होतं.

पितळी पाटीवर ब्याऐंशी अंशांपुढे ‘पश्चिम’ असं लिहिलेलं होतं. पश्चिम यंत्राला सांगायची, तर आकड्यामागं उणे चिन्ह द्यावं लागतं. सँडविचच्या नादात ते राहिलं, आणि पिकरेल लॉक गाव उचलून पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, चीनमधल्या एका वाळवंटाच्या कडेला जाऊन बसलं. तिथं सूर्य मावळत होता तेव्हा इथं सकाळचे साडेसात. ऑक्टोबरअखेरीस इथं आठपर्यंत उजाडत नाही, म्हणजे अर्धा तास तरी दिवे पुऱ्या थाटात दिसत असणार. बाग खोलगट जागी, रस्त्याला आडोसा, आवाज नाही. आणि साडेसातला लायल ड्रेशर एकतीस वर्षं ज्या एका खुर्चीत बसलेला असतो, तिथून काही दिसत नाही.

उणे चिन्हाच्या कळीवर त्याचं बोट गेलं. एक कळ दाबली की संपलं. पण ती आत्ता दाबली, तर उद्या सकाळी बागेत अंधार. त्यानं बोट उचललं. मग पुढच्या दिवसाच्या किल्लीचा अर्ज लिहून मिसेस ऑल्टहाउसना दिला, आणि कचेरीत जाऊन एकतीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी दोन तासांची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, घरी कुणी गेलं का?

गुरुवारी सकाळी सात वाजता लायल कालव्याकाठच्या बाकाशी पोचला. मिस्टर क्लिंगर आधीच बसले होते, काठी गुडघ्यांत, टोपी कानांवर. लायलला बघून ते जरा सरकले. बाकावर जागा भरपूर होती, तरी सरकले.

“मिस्टर क्लिंगर,” लायल मोठ्यानं म्हणाला, कारण कानातलं यंत्र घरी असणार.

“ओरडू नकोस. आज लावलंय.”

लायल बसला. काय बोलावं याची त्यानं रात्रभर जुळवाजुळव केली होती. एक वाट सरळ होती: म्हणायचं, की तुम्ही संध्याकाळी बाहेर पडत नाही म्हणून मुद्दाम सकाळी ठेवला. सव्वीस वर्षांच्या ‘हं’चा हिशेब एका वाक्यात मिटला असता. ते वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, खोटं कशाला बोला. पण वेळापत्रकं करणाऱ्या माणसाला चुकीची वेळ बरोबर म्हणून सांगता येत नाही, जीभ वळत नाही.

“हे मी तुमच्यासाठी केलेलं नाही,” तो म्हणाला. “चूक आहे ही. माझी. पश्चिमेचं उणे चिन्ह राहिलं.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“ती पितळी पाटी मीच ठोकलीय तिथं. पहिल्या दिवशीच म्हटलं, याचा सूर्यास्त सकाळी होतोय, म्हणजे हा गडी पूर्वेला गेला.” म्हाताऱ्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “डॉक्टरनं घड्याळ काढायला लावलं मला. माहीत आहे?”

“मग सांगितलं का नाही तुम्ही? आठ दिवस. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही मला.”

मिस्टर क्लिंगरनी काठीनं पलीकडच्या काळोख्या झाडांकडे दाखवलं.

“सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस,” ते म्हणाले.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी कालव्याच्या पलीकडे पहिला भोपळा पेटला. मग दुसरा, मग सगळी रांग, आणि खालच्या पाण्यात आणखी एक रांग. आवाज काही नव्हता. भोपळे तोंड उघडून न ऐकू येणारं गाणं गात होते, भुतं झाडांतून हळूहळू सरकत होती, आणि क्लिंगरांनी उभे केलेले जुने खांब एकामागून एक जांभळे होत गेले. लायलनं दोन महिने एकेका क्षणाची मोजदाद करून हे केलं होतं, पण इतक्या शांतपणे बसून त्यानं ते कधी बघितलं नव्हतं. त्यानं खोकून घेतलं. दमटपणा.

वटवाघळं निघाली. दहा गेली. अकरावं मागून आलं.

“तेवढं बघ,” म्हातारा म्हणाला.

“आज दुपारी बघतो.”

हळूहळू उजाडलं आणि दिवे फिके पडत गेले. बदकं उठली. मिस्टर क्लिंगर काठीवर जोर देऊन उभे राहिले, कोटाची बटणं लावली, आणि घराच्या दिशेनं दोन पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाले, “ठीक आहे, लायल. वटवाघूळ सोडून.”

लायल बाकावरच बसून राहिला. कचेरीत पोचायला त्याला सहा मिनिटं उशीर झाला.

त्या संध्याकाळी सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी, सूर्य मावळायच्या नेमक्या क्षणी, बाग उजळली. दोन हजार नव्हते, पण मोटारींची रांग धान्याच्या कोठारापर्यंत गेली होती आणि सगळ्या गाड्यांतून एकच ऑर्गन वाजत होता. गोळ्यांच्या पिशव्या घेऊन आलेली छोटी भुतं टांगलेल्या भुतांखाली आ वासून उभी होती. कर्ट दिसेल त्याला सांगत होता, की तिखटाच्या सॉसचा दुसरा हात त्यानंच सुचवला. स्वतःच्या मोटारीत लांडगा ओरडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की लायलला त्याची दया आली. मिस्टर क्लिंगर आले नाहीत. त्या वेळी ते झोपले होते.

शुक्रवारी दुपारी लायल पुन्हा मिसेस ऑल्टहाउसच्या टेबलापुढे उभा होता. दिवे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत राहणार होते आणि त्याला एक वाढीव कार्यक्रम हवा होता. सकाळी सात पंचवीस, साध्या घड्याळावर. बाईंनी अर्ज वाचला, परत वाचला.

“मिस्टर ड्रेशर, सकाळी कोण येणार?”

“आहेत.”

“हा रकाना कोरा आहे,” त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. “अपेक्षित प्रेक्षक.”

लायलनं पेन घेतलं आणि लिहिलं: एक.

बाईंनी शिक्का उचलला. तेवढ्यात लायल म्हणाला, “जरा थांबा.” त्यानं अर्ज पुन्हा आपल्याकडे वळवला, तो एक खोडला, आणि शेजारी नीट अक्षरात दोन लिहिलं. खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, असा नियम आहे. ती त्यानं केली.